महिनाअखेरीला तोच जॉब बी३७ देऊन पडतो, जागा वाढवली तरी पडतो. डेटासेट नीट शिकायचे कसे?

अबेंडग्रस्त | मंगळवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. मेनफ्रेमवर येऊन मला जेमतेम चार महिने झालेत. त्याआधी तीन वर्षं जावा. प्रकल्प बदलला, "जेसीएल काय, तीन आठवड्यांत येतं" असं म्हणत मला बॅच सपोर्टला, म्हणजे रात्री आपोआप चालणारे जॉब सांभाळायला बसवलं. जेसीएल ही त्या जॉबना सूचना देणारी भाषा. आता रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो.

भानगड अशी. रोज रात्री एक जॉब चालतो. त्याच्या तिसऱ्या स्टेपमध्ये एक कोबॉल प्रोग्राम ८० बाइटच्या रेकॉर्डांची सपाट फाइल (इथल्या भाषेत डेटासेट) लिहितो. रोज साधारण ८० हजार रेकॉर्ड, महिनाअखेरीला ६ लाख. एरवी गुपचूप चालतो. काल रात्री एकच्या सुमारास एसबी३७-०४, म्हणजे फाइलला जागा पुरली नाही हा कोड देऊन पडला. ऑपरेशन्सवाल्यांनी तसाच पुन्हा सोडला, पुन्हा पडला. मग मला उठवलं. जागा सिलिंडर या डिस्कच्या मापात १० प्रायमरी (आधी मिळणारी), ५ सेकंडरी (ती संपली की मिळणारी) होती. मी ३० आणि २० केली. पडला. चिडून प्रायमरी ६०० टाकली तर जॉब सुरूच होईना, एवढी जागाच नाही म्हणाला.

मला न कळलेली गोष्ट ही: ६ लाख गुणिले ८० म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. एका सिलिंडरमध्ये साडेआठ लाख बाइट मावतात असं वाचलं. म्हणजे ५७ सिलिंडर पुरायला हवेत. मग कुठे गेली जागा?

आणि दुसरं, हे सगळं पद्धतशीर शिकायचं तर सुरुवात कुठून करू? जावात फाइल उघडायची, लिहायची, बंद करायची. इथे फाइल जन्माला यायच्या आधीच तिची पत्रिका मांडावी लागते.

---

शून्यसी७ | मंगळवार, सकाळी १०:३१

जेसीएलमधली त्या फाइलची डीडी ओळ पूर्ण टाक. विशेषतः ब्लॉकसाइझ, म्हणजे एका ब्लॉकमध्ये किती बाइट एकत्र लिहिले जातात ते.

---

ढगातला | मंगळवार, सकाळी १०:४०

४८ एमबीसाठी रात्री तीनला माणूस उठवला? माझ्या फोनमधला एक व्हिडिओ याच्यापेक्षा मोठा असतो. असो, चालू द्या, वाचतोय.

---

अबेंडग्रस्त | मंगळवार, सकाळी १०:५५

घ्या. डेटासेट जीडीजीचा, म्हणजे एकाच नावाच्या क्रमांकित पिढ्या ठेवणाऱ्या गटाचा, (+१), म्हणजे नवी पिढी. डिस्पमध्ये न्यू, कॅटलॉग, कॅटलॉग. रेकॉर्ड फॉरमॅट एफबी, लांबी ८०, ब्लॉकसाइझ ८०. युनिट सिसडीए. स्पेस वर सांगितली ती.

---

पंचकार्ड | मंगळवार, सकाळी ११:२०

सापडलं. ब्लॉकसाइझ ८०.

तुझं गणित चुकलेलं नाही, पण ते कोऱ्या कागदावरचं आहे. ट्रॅक, म्हणजे डिस्कवरचा एक गोल पट्टा, हा कोरा कागद नव्हे. आपल्या डिस्क काउंट-की-डेटा पद्धतीच्या. प्रत्येक ब्लॉकच्या आधी त्याची ओळख सांगणारा काउंटचा तुकडा असतो, आणि दोन ब्लॉकांमध्ये मोकळी फट. ब्लॉक ८० बाइटचा असो की २७ हजार बाइटचा, हा वरचा खर्च दर ब्लॉकमागे लागतोच. तू दर रेकॉर्डाला स्वतंत्र ब्लॉक दिलास, म्हणजे एकेक विटेभोवती स्वतंत्र भिंत बांधलीस.

आता आकडे. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट मावतात, पण संपूर्ण ट्रॅकचा एकच ब्लॉक केला तरच. एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक. ८० बाइटचे सुटे ब्लॉक लिहिलेस तर ट्रॅकवर मावतात फक्त ७८. म्हणजे ६,२४० बाइट कामाचे, बाकी सगळं फटींच्या खात्यात. सिलिंडरमागे १,१७० रेकॉर्ड. ६ लाख रेकॉर्डांना ५१३ सिलिंडर.

तुझी मूळ जागा किती होती? १० प्रायमरी, आणि सेकंडरी एका व्हॉल्यूमवर (एका डिस्कवर) १५ वेळा मिळते, कारण साध्या सिक्वेन्शियल डेटासेटला व्हॉल्यूममागे एकूण १६ एक्स्टेंट, म्हणजे जागेचे सलग तुकडे. १० अधिक ७५ म्हणजे ८५ सिलिंडर. रोजच्या ८० हजार रेकॉर्डांना ६९ लागतात, म्हणून रोज निभतं. ३० आणि २० केल्यावर ३० अधिक ३००, म्हणजे ३३०. तरी ५१३ ला कमीच. ६०० का मिळाली नाही? प्रायमरी जागा एकाच व्हॉल्यूमवर आणि फार तर पाच तुकड्यांत मिळावी लागते. तुमच्या व्हॉल्यूमवरची मोकळी जागा विखुरलेली असेल.

आता ब्लॉकसाइझ २७,९२० करून बघ. ३३९० वर अर्ध्या ट्रॅकचा ब्लॉक २७,९९८ बाइटपर्यंत जातो, आणि त्यात बसणारी ८० ची सर्वांत मोठी पट २७,९२०, म्हणजे ३४९ रेकॉर्ड. ट्रॅकवर असे दोन ब्लॉक, ६९८ रेकॉर्ड. ७८ च्या जागी ६९८! सिलिंडरमागे १०,४७०. तुझ्या ६ लाखांना ५८ सिलिंडर. मूळच्या १० आणि ५ मध्येच आरामात बसलं असतं.

काही शहाणे कमाल मर्यादा ३२,७६० आहे म्हणून ब्लॉक तेवढा मोठा करतात. मग ट्रॅकवर दुसरा ब्लॉक मावत नाही आणि ४० टक्क्यांहून जास्त ट्रॅक वाया जातो. मोठा म्हणजे चांगला असं नाही, अर्धा ट्रॅक चांगला.

खरं तर हा आकडा पाठ करायची गरजही नाही. ब्लॉकसाइझ लिहूच नकोस किंवा ० लिही. डिस्क कोणती ते पाहून सिस्टिम स्वतः ठरवते.

---

शून्यसी७ | मंगळवार, सकाळी ११:३४

सहमत. वेळेचाही फरक पडतो. ६ लाख ब्लॉक लिहायच्या जागी १,७२० ब्लॉक. तुझा जॉब जागेने पडतो ते दिसतं, रोज रेंगाळतो ते कोणी बघत नाही.

जाता जाता भावंडांची ओळख. डी३७ म्हणजे प्रायमरी संपली आणि सेकंडरी मागितलीच नव्हती. बी३७ म्हणजे सेकंडरी होती, पण एक्स्टेंट संपले किंवा व्हॉल्यूमवर जागा उरली नाही. ई३७ बहुतेकदा पीडीएसवर (अनेक मेंबर ठेवणाऱ्या लायब्ररीवर) लिहिताना भेटतो.

---

अबेंडग्रस्त | मंगळवार, दुपारी २:४८

पंचकार्ड काका, हात जोडले. पण ब्लॉकसाइझ काढून टाकला, जागा १० आणि ५ परत केली, जॉब सोडला आणि तो पुन्हा पडला. बी३७. ३.४ मध्ये (डेटासेटची यादी दाखवणाऱ्या मेनूत) जाऊन डेटासेटची माहिती पाहिली, ब्लॉकसाइझ अजून ८० च दाखवतोय! जेसीएलमध्ये तो शब्दच उरलेला नाही, मग हे ८० आलं कुठून?

---

हेक्सकन्या | मंगळवार, दुपारी ३:१०

प्रोग्राममधून आलं. त्या कोबॉलमध्ये फाइलचा एफडी, म्हणजे तिचं वर्णन, उघड. पैजेवर सांगते, त्यात 'ब्लॉक कंटेन्स ० रेकॉर्ड्स' ही ओळ नाही.

कोबॉलचा जुना नियम असा की ही ओळ गाळली तर फाइल अनब्लॉक्ड धरायची, एका ब्लॉकमध्ये एक रेकॉर्ड. आणि फाइल उघडताना तिचे गुणधर्म तीन ठिकाणांहून गोळा होतात: आधी प्रोग्राम, मग जेसीएल, मग डेटासेटचं स्वतःचं लेबल. पुढच्याला फक्त आधीच्याने सोडलेल्या रिकाम्या जागा भरता येतात. प्रोग्रामने "एकेक" म्हटलं की जेसीएलने काहीही म्हणावं, ऐकतो कोण. तुझ्या जेसीएलमधलं ८० हे बहुधा कुणीतरी प्रोग्राम पाहून इमानदारीने उतरवलेलं होतं.

ती ओळ घाल आणि पुन्हा कंपाइल कर. सोर्सला हात लावायची परवानगी मिळत नसेल तर नव्या कंपायलरमध्ये ब्लॉक० नावाचा पर्याय आहे, तो हेच काम करतो. पण मी ओळच घालेन. पुढच्या वाचणाऱ्याला दिसते.

---

अबेंडग्रस्त | मंगळवार, दुपारी ३:२२

एफडी उघडला. ओळ नाही. 🙏

बदल मंजुरीसाठी टाकलाय, मंजुरी संध्याकाळपर्यंत येईल.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:०५

मी इतका वेळ गप्प होतो, पण सगळे ब्लॉकसाइझवर तुटून पडलेत आणि त्या डीडीतली खरी भीतीदायक गोष्ट कोणी पाहिलीच नाही. डिस्प: न्यू, कॅटलॉग, कॅटलॉग.

डिस्पचे तीन भाग. पहिला, डेटासेट आत्ता कसा आहे. दुसरा, स्टेप नीट संपली तर त्याचं काय करायचं. तिसरा, स्टेप पडली तर काय करायचं. तुमच्याकडे तिसऱ्यात कॅटलॉग आहे. म्हणजे प्रोग्राम अर्ध्यावर मेला तरी अर्धवट फाइल पिढी म्हणून रीतसर नोंदवली जाते. काल आणि आज मिळून जॉब किती वेळा पडला? एक मूळचा, एक ऑपरेशन्सचा, एक ३०-२० चा, एक दुपारचा. ६०० वाला धरत नाही, त्यात फाइल तयारच झाली नाही. म्हणजे चार अर्धवट पिढ्या.

आता दोन प्रश्नांची उत्तरं दे.

एक, त्या जीडीजीचा लिमिट किती? दोन, (०), म्हणजे सर्वांत ताजी पिढी, वाचणारा दुसरा जॉब कोणता आणि तो किती वाजता सुटतो?

---

अबेंडग्रस्त | मंगळवार, संध्याकाळी ५:१७

लिमिट ७, स्क्रॅच.

(०) वाचणारा एक रिपोर्टचा जॉब आहे. तो आमच्या जॉबवर अवलंबून नाही, घड्याळावर सुटतो, सकाळी सहाला. आज सकाळी नीट चालला, रिटर्न कोड ०. मी तो आत्ता उघडला. त्यात ३ लाख ८६ हजारांच्या आसपास रेकॉर्ड आहेत.

३३० गुणिले १,१७० करून पाहिलं. हो. रिपोर्टने माझी ३०-२० वाली अर्धवट फाइल वाचली. दिवसभरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

---

ढगातला | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

बाप रे. हे मात्र व्हिडिओइतकं सोपं नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ५:५२

बी३७ चा आवाज होतो, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही. हा प्रकार मुका असतो.

आणि लिमिट ७ चा अर्थ नीट बघ. प्रत्येक नवी पिढी आत आली की सर्वांत जुनी बाहेर पडते, आणि स्क्रॅच असल्यामुळे डिस्कवरूनही पुसली जाते. चार अर्धवट पिढ्या आत आल्या म्हणजे चार चांगल्या पिढ्या गेल्या. आता सात नोंदींमध्ये तीन खऱ्या आणि चार खोट्या आहेत.

आत्ता करायचं ते असं.

आधी रिपोर्ट वापरणाऱ्यांना कळव. बाकीचं नंतर.

मग त्या चार पिढ्या त्यांच्या पूर्ण नावाने काढ, जी००४१व्ही०० असं जे काही असेल ते. (०), (-१) म्हणून काढायला जाऊ नकोस. एक काढलीस की पुढच्या आज्ञेला (०) दुसऱ्याच डेटासेटचं नाव झालेलं असतं. मी एकदा अशीच चांगली पिढी उडवली होती. तेव्हापासून पूर्ण नाव टाइप करतो आणि एंटर दाबायच्या आधी एकदा मोठ्याने वाचतो.

तिसरं, स्टोरेजवाल्यांना विचार की या डेटासेटच्या मॅनेजमेंट क्लासला बॅकअप आहे का. असेल तर एचएसएमकडे (बॅकअप आणि मायग्रेट सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे) गेलेल्या पिढ्यांच्या प्रती असतील आणि एचरिकव्हर आज्ञेने वेगळ्या नावाखाली परत घेता येतील. जेवढ्या मिळतील तेवढ्या.

मग डिस्पचा तिसरा भाग डिलीट कर. अर्धवट फाइल तपासासाठी हवीच असेल तर जीडीजीबाहेर वेगळ्या नावाने लिहायची, आणि सगळं नीट संपल्यावर शेवटच्या स्टेपमध्ये (+१) ला उतरवायची.

---

शून्यसी७ | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

रीस्टार्टचा खड्डाही आत्ताच दाखवून ठेवतो. एका जॉबच्या आत (+१) हा सगळ्या स्टेपांना (+१) च असतो, मधल्या स्टेपने ती पिढी तयार केली तरी. पण तिसरी स्टेप नीट संपली, पाचवी पडली, आणि तू पाचवीपासून नव्याने जॉब सोडलास, तर आता तीच पिढी (०) झालेली असते. जेसीएलमध्ये (+१) तसाच राहिला तर नसलेली फाइल मागशील, किंवा त्याहून वाईट, नवी रिकामी बनवशील. शेड्युलर हे सांभाळत असेल तर ठीक. हाताने रीस्टार्ट करताना प्रत्येकाने एकदा तरी इथे पाय घसरवलाय.

---

ढगातला | मंगळवार, रात्री ८:४५

आता प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. हल्ली आत फ्लॅश असते ना? मग ट्रॅक कुठले आणि सिलिंडर कुठले? माणसाने ते मोजत का बसायचं?

---

पंचकार्ड | मंगळवार, रात्री ९:३०

प्रश्न रास्त आहे. ट्रॅक कुठेच नाहीत. फिरणारी खरी ३३९० डिस्क १९८९ साली आली आणि केव्हाच गेली. आजच्या स्टोरेजच्या पेटीत फ्लॅश असते आणि पेटी बाहेरच्या जगाला सांगते की मी ३३९० आहे, माझ्या सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम ते खरं मानते. काउंट-की-डेटा हा प्रकार ७ एप्रिल १९६४ ला जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० बरोबर आला, आणि त्याच्या भरवशावर इतके प्रोग्राम उभे राहिले की खालचं लोखंड बदललं तरी वरचं सोंग बदलता आलं नाही. गंमत म्हणजे फटीसुद्धा सोंगातल्याच, पण जागा मात्र हिशेबात खऱ्यासारखीच खातात.

मोजत बसू नये म्हणून तर एसएमएस आलं. मोबाइलवरचं नव्हे, स्टोरेज मॅनेजमेंट सबसिस्टिम. डेटा क्लास सांगतो फाइलचा आकार-उकार, स्टोरेज क्लास सांगतो तिला सेवा कोणत्या दर्जाची, मॅनेजमेंट क्लास सांगतो बॅकअप कधी, मायग्रेट कधी, मरण कधी. कोणत्या व्हॉल्यूमवर टाकायचं ते स्टोरेज ग्रुपवरून ठरतं. हे सगळं तुमच्या स्टोरेज ॲडमिनने लिहिलेले एसीएस रूटीन डेटासेटच्या नावावरून ठरवतात. म्हणून नावाच्या पहिल्या तुकड्याला इतकं महत्त्व. ४४ अक्षरांचं नाव, प्रत्येक तुकडा आठ अक्षरांपर्यंत. हौसेने नाव ठेवू नका, चुकीच्या ग्रुपमध्ये जाऊन पडाल.

---

वाचनमात्र | मंगळवार, रात्री १०:०२

धागा मस्त चाललाय. मीही नवाच. हे सगळं सपाट फाइलचं झालं, व्हीसॅमचं (मेनफ्रेमवरची फाइल ठेवायची दुसरी पद्धत) काय? आमच्याकडे एक केएसडीएस, म्हणजे कीच्या क्रमाने रेकॉर्ड ठेवणारी व्हीसॅम फाइल आहे, महिन्याच्या सुरुवातीला पळते आणि शेवटाला रांगते. दर महिन्याला कोणीतरी ती "रीऑर्ग" करतं आणि पुन्हा पळते. का, ते कोणी सांगत नाही.

---

हेक्सकन्या | मंगळवार, रात्री ११:१५

हे माझं आवडतं प्रकरण, त्यामुळे लांबेल.

केएसडीएस म्हणजे एका नावाखाली दोन घटक, डेटा आणि इंडेक्स. डेटा कंट्रोल इंटरव्हलमध्ये, म्हणजे सीआयमध्ये विभागलेला असतो. व्हीसॅम डिस्कवरून एका वेळी उचलतं ते एक अख्खं सीआय, तुझा एकटा रेकॉर्ड नव्हे. ४,०९६ बाइटचं सीआय घे. पुढच्या बाजूने रेकॉर्ड भरत येतात, शेवटी व्हीसॅमची स्वतःची टिपणं असतात: शेवटच्या ४ बाइटांत मोकळी जागा कुठून आणि किती, त्याच्या आधी ३-३ बाइटांत रेकॉर्डांच्या लांब्या. मधे मोकळी जागा. अनेक सीआय मिळून एक कंट्रोल एरिया, सीए.

आता रेकॉर्ड कीच्या क्रमानेच राहायला हवेत. ५०० आणि ५१० च्या मध्ये ५०५ घालायचा आहे आणि सीआय भरलेलं आहे. मग व्हीसॅम त्या सीआयमधले साधारण अर्धे रेकॉर्ड त्याच सीएमधल्या रिकाम्या सीआयमध्ये हलवतं आणि इंडेक्समध्ये नोंद बदलतं. हा सीआय स्प्लिट. सीएमध्ये रिकामं सीआयच उरलं नसेल तर अर्धा सीए उचलून फाइलच्या टोकाला नवा सीए बनवतं. हा सीए स्प्लिट, आणि हा महाग. एका रेकॉर्डासाठी डझनावारी सीआय हलतात. तुझी फाइल महिनाभर हेच करत असते.

यावर उपाय म्हणून डिफाइन करताना फ्रीस्पेस देतात. फ्रीस्पेस (२० १०) म्हणजे भरताना प्रत्येक सीआयचा २० टक्के भाग आणि प्रत्येक सीएमधली १० टक्के सीआय रिकामी ठेवायची. रीऑर्ग म्हणजे दुसरं काही नाही. आयडीकॅम्स या व्हीसॅम सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या रेप्रो आज्ञेने फाइल बाहेर काढायची, क्लस्टर पुसून पुन्हा डिफाइन करायचा, रेप्रोने परत भरायचा. सगळी फट पुन्हा जागच्या जागी.

पण फ्रीस्पेस डोळे झाकून देऊ नका. नव्या की नेहमी शेवटीच येत असतील, चढत्या क्रमांकाने, तर मधे सोडलेली जागा कोणीच वापरत नाही. मी ४० टक्के फ्रीस्पेस असलेली अशी फाइल पाहिली आहे. कोणीतरी "सेफ साइड" म्हणून दिली होती.

लिस्टकॅट ऑल काढ आणि दोन ओळी बघ: स्प्लिट्स-सीआय आणि स्प्लिट्स-सीए. दर आठवड्याला लिहून ठेव. रीऑर्गची खरंच गरज आहे की केवळ रूढी, ते महिन्याभरात कळेल.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४०

व्हीसॅमचं अजून एक, कारण हा फोन मला दर आठवड्याला येतो. बॅचमध्ये फाइल स्टेटस ९३ आला की आधी बघा फाइल सीआयसीएसने (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सिस्टिमने) उघडी धरली आहे का. शेअरऑप्शन्स (२ ३) असेल तर लिहिणारा एकच चालतो. सीआयसीएसमधून फाइल बंद करा, बॅच चालवा, परत उघडा. स्टेटस ९७ दिसला तर घाबरू नका. आधीच्या वेळी फाइल नीट बंद झाली नव्हती, उघडताना व्हेरिफाय झालं आणि फाइल उघडली एवढाच अर्थ. प्रोग्रामने मात्र ९७ ला चूक समजून मरायला नको. बऱ्याच जुन्या प्रोग्रामांत ०० सोडून सगळं चूक असं लिहिलेलं असतं.

---

अबेंडग्रस्त | बुधवार, सकाळी ९:२०

मंजुरी आली, नवा लोड मॉड्यूल (कंपाइल झालेला प्रोग्राम) गेला, रात्री महिनाअखेरीचा जॉब पुन्हा चालवला. चालला! सिलिंडर ५८, एक्स्टेंट ११, ब्लॉकसाइझ २७,९२०. जेसीएलमधली जागा तीच, १० आणि ५.

चार खोट्या पिढ्या पूर्ण नावाने काढल्या, मोठ्याने वाचून. शेजारचा बघत होता. गेलेल्या चारपैकी तीन एचएसएमकडे मिळाल्या. रिपोर्टवाल्यांना काल संध्याकाळीच कळवलं. ते रागावले, पण कळवलं म्हणून कमी रागावले असं वाटतं.

आता खात्री म्हणून फाइल लॅपटॉपवर ओढून एका स्क्रिप्टने बेरीज तपासावी म्हणतो. एफटीपी करू ना?

---

हेक्सकन्या | बुधवार, सकाळी ९:३३

थांब! रेकॉर्डमध्ये कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड आकडे, आहेत का?

---

अबेंडग्रस्त | बुधवार, सकाळी ९:३६

रक्कम कॉम्प-३ आहे. का?

---

हेक्सकन्या | बुधवार, सकाळी ९:५८

मग टेक्स्ट मोडने ओढू नकोस. टेक्स्ट मोड मेनफ्रेमच्या एबसिडिक अक्षरसंचाचं लॅपटॉपचं आस्की करतो, आणि करताना प्रत्येक बाइट अक्षर आहे असं समजतो. पॅक्ड आकडा अक्षर नसतो. १४०० ही रक्कम तीन बाइटांत हेक्समध्ये अशी: ०१ ४० ०सी. शेवटचा सी म्हणजे धन चिन्ह. आता एबसिडिकमध्ये ४० म्हणजे मोकळी जागा, आणि आस्कीत मोकळी जागा म्हणजे २०. ०१ आणि ०सी जसेच्या तसे राहतात. लॅपटॉपवर पोचतं ०१ २० ०सी. वाचलंस तर १२००. ना चूक, ना इशारा, चिन्हसुद्धा शाबूत. १४०० चे १२०० झाले आणि तू म्हणणार बेरीज जुळत नाही, जॉबच चुकला.

सॉर्टमध्ये आउटरेकने रक्कम आधी वाचता येणाऱ्या आकड्यांत बदल, मग टेक्स्टने ने. किंवा बायनरीने नेऊन तिकडे उकल, पण तिकडे ओळींचा शेवट नसेल, दर ८० बाइटांनी तुलाच तोडावं लागेल. सोपं म्हणजे बेरीज इथेच सॉर्टने कर.

---

पंचकार्ड | बुधवार, सकाळी १०:४०

पोरगा शिकतोय म्हणून एक जुनी गंमत. आयईएफबीआर१४ वापरला असशील, काहीच न करणारा प्रोग्राम. तो बोलवायचा आणि डीडीतल्या डिस्पकडून डेटासेट बनवून किंवा पुसून घ्यायचे. सुरुवातीला त्यात एकच सूचना होती, रजिस्टर १४ मधल्या पत्त्यावर परत जा. काहीच न करणाऱ्या प्रोग्रामात चूक कशी असेल? पण होती. रिटर्न कोड रजिस्टर १५ मधून जातो आणि ते कोणी शून्यच केलं नव्हतं. जे काही पडलेलं असेल ते रिटर्न कोड म्हणून बाहेर. मग आधी रजिस्टर १५ शून्य करणारी दुसरी सूचना घातली. म्हणजे प्रोग्राम दुपटीने वाढला.

हाच आयईएफबीआर१४ डेटासेट पुसायला वापरताना ३.४ मध्ये व्हॉल्यूमच्या जागी 'मायग्रॅट', म्हणजे एचएसएमने फाइल दुसरीकडे हलवल्याची खूण, दिसतंय का बघ. जुन्या सेटिंगवर सिस्टिम ती फाइल आधी टेपवरून परत आणते आणि मग पुसते. एचडिलीट दे, जिथे आहे तिथेच मरेल.

---

वाचनमात्र | बुधवार, सकाळी ११:०५

घरी सराव करायचा असेल तर? ऑफिसात डिफाइन क्लस्टर करायलाही परवानगी लागते.

---

शून्यसी७ | बुधवार, सकाळी ११:२६

हर्क्युलिस हा मेनफ्रेमची नक्कल करणारा एम्युलेटर आणि त्यावर एमव्हीएस ३.८जे ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. साध्या लॅपटॉपवर चालतं. स्पेस, डिस्प, ब्लॉकसाइझ, आयडीकॅम्स हे सगळं तिथे हाताखालून जातं, आणि बी३७ मुद्दाम आणून बघता येतो, कोणाला न उठवता. पण तिथे एसएमएस नाही, पीडीएसई (पीडीएसचा नवा प्रकार) नाही. आजची सिस्टिम बघायची तर आयबीएमचं झेड एक्सप्लोर आहे, फुकट, ब्राउझर आणि व्हीएस कोडमधून. दोन्ही करा. आधी एमव्हीएस, कारण तिथे काहीच आपोआप होत नाही.

---

अबेंडग्रस्त | बुधवार, दुपारी १२:१०

बेरीज सॉर्टने इथेच केली, जुळली.

मग सुचलं म्हणून आमच्या जेसीएलच्या लायब्ररीत सर्चफॉर लावून ब्लॉकसाइझ ८० शोधला. ४१ मेंबर निघाले. सगळ्यांतून तो शब्द उडवून एकच मोठा बदल टाकतोय, शुक्रवारी जाईल.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:१४

त्या ४१ पैकी किती प्रोग्रामांचे एफडी उघडून पाहिलेस?

---

अबेंडग्रस्त | बुधवार, दुपारी १२:१५

...बदल मागे घेतला. बघतो.